मिलिग्रॅमचा अंदाज

“तो समोरचा माणूस काय करत असेल?” मुलीनं रस्त्यापलीकडे हनुवटीनं खूण करत विचारलं.

वडिलांनी चष्मा नाकावर वर सरकवला. “उभा आहे.”

“ते मलाही दिसतंय. हातात फुलं आहेत, सारखं घड्याळ बघतोय. म्हणजे?”

“म्हणजे त्याच्या हातात फुलं आहेत आणि तो घड्याळ बघतोय.”

मुलीनं कपाळावर हात मारून घेतला, पण हसू तिला आवरेना. कारखान्याच्या फाटकाशेजारी बाकावर दोघं बसली होती. वडिलांची तोंडी परीक्षा साडेतीनला आत होती. घोडामैदान वीस मिनिटांवर आलं होतं आणि परीक्षार्थी अजून अंदाज करायला तयार नव्हता.

त्यात त्यांचा दोष तरी काय? सव्वीस वर्षं ते वजनकाट्यांच्या तपासणी खोलीत काम करत होते. तिथे पंखा लावत नाहीत, कारण वाऱ्यानं पारडं हलतं. वजनाला बोट लावत नाहीत, घामानं ते जड होतं, चिमट्यानं उचलतात. आणि तिथे ‘साधारण’, ‘बहुधा’, ‘असेल’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. जो उच्चारेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. नियम यांनीच घातलेला, आणि एवढ्या वर्षांत स्वतः यांनी एकदाही चहा केला नव्हता. कारखान्यात सगळे त्यांना ‘मिलिग्रॅम’ म्हणायचे. तोंडावर म्हटलं तरी त्यांना राग येत नसे, उलट बरं वाटे.

तर या मिलिग्रॅमना सहा महिन्यांसाठी परदेशात जायचं होतं. कारखाना एकाच माणसाला पाठवणार होता, एक नवा काटा शिकून यायला. कागदावर सही केली तर त्या सहीच्या शाईचं वजन सांगणारा काटा. हे ऐकलं त्या दिवशी ते घरी येऊन जेवलेच नव्हते, नुसतेच येरझारा घालत होते. पण आधी इंग्रजीत बोलण्याची परीक्षा होती. चित्र दाखवतात, त्यावर बोलायचं. मागच्या खेपेला चित्रात रडणारं मूल होतं. ते का रडत असेल, असं विचारल्यावर यांनी बाणेदारपणे उत्तर दिलं, “आय डू नॉट नो. आय वॉज नॉट देअर.” आजची खेप शेवटची.

मुलगी शाळेत इंग्रजी शिकवायची. आई गेल्यापासून घरात दोघंच. गेले तीन आठवडे ती सकाळी त्यांच्याकडून इंग्रजी घोटून घेई आणि संध्याकाळी स्वयंपाक. तिकडे कोण करून वाढणार आहे, असं तिचं म्हणणं होतं.

“पुन्हा एकदा सांगते,” ती म्हणाली. “‘ही मस्ट बी वेटिंग’ म्हणजे खात्री आहे. ‘ही माइट बी वेटिंग’ म्हणजे असेल किंवा नसेलही. आणि ते ‘पॉसिब्ली’, ‘प्रॉबेब्ली’ कुठे बसवायचं?”

“मधे. माइट आणि बीच्या मधे. ही माइट पॉसिब्ली बी वेटिंग.”

“शाब्बास. येतंय की सगळं.”

“बोलायला येतंय गं. मनाला पटत नाही. न बघितलेल्या गोष्टीबद्दल कसं बोलायचं?”

“थोडं बघितलेलं असतंच ना, बाबा. तेवढ्यावरून पुढचं बोलायचं.” एवढं बोलून ती हातातल्या मोबाइलकडे बघत राहिली. मग तिनं त्यांची कॉलर सारखी केली. “जा आता. पाणी पिऊन जा.”

परीक्षा घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर एक पेला, एक घड्याळ आणि एक पालथं चित्र होतं. बाईंनी चित्र सुलट केलं.

एका खोलीत एक तरुणी उघड्या बॅगेत पुस्तकं भरत होती. दारात एक म्हातारा उभा होता. बस, इतकंच.

“देअर इज अ बॅग,” यांनी सुरुवात केली. “देअर आर बुक्स.” बाई पेन हातात धरून वाट बघत राहिल्या. “शी मे बी पॅकिंग.”

“गुड. व्हाय?”

ते पुन्हा बॅगेकडे बघू लागले. मुलीनं त्यांच्या प्रवासासाठी आणलेली बॅग घरी पलंगाखाली होती. परवा केर काढताना त्यांनी ती बाजूला केली, तेव्हा उचलताक्षणीच हाताला वजन कळलं होतं, अकरा किलो दोनशे ग्रॅम. अजून कुणीही काही भरलेलं नसताना. कसले अकरा किलो, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तिच्या कपाटातला पुस्तकांचा कप्पा रिकामा होता, तेही त्यांनी बघितलं होतं.

“शी माइट पॉसिब्ली बी गोइंग,” ते सावकाश म्हणाले. “टु न्यू स्कूल.”

बाईंनी भुवया उंचावल्या. चित्रात शाळा कुठेच नव्हती.

आणि मग त्यांना थांबवेना. मुलीनं त्यांना भात शिकवला, ते ठीक. पण गॅसचा सिलिंडर कसा नोंदवायचा, हे तिनं तीनदा समजावलं होतं. विजेचं बिल कुठे ठेवलंय, शेजारच्या काकूंकडे किल्ली का द्यायची, पाण्याची टाकी कुठल्या दिवशी भरायची, सगळं वहीत लिहून दिलं होतं. परदेशातल्या माणसाला इथला सिलिंडर कशाला लागतोय? सगळं डोळ्यांसमोर होतं, मापून ठेवल्यासारखं. पण मुलीनं ताकास तूर लागू दिली नाही आणि यांनी बेरीज केली नाही.

“शी मस्ट सर्टनली बी थिंकिंग अबाउट ओल्ड मॅन,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता आणि कान तापले होते. “शी कॅनॉट ईझिली बी टेलिंग हिम. ही इज अलोन. ही मे ऑल्सो बी...” इथे शब्द संपले. त्यांनी पेला उचलला, न पिताच खाली ठेवला. “ही शुड रिअली बी आस्किंग हर.”

बाईंनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. निकाल सोमवारी, एवढंच म्हणाल्या. यांनी मान डोलावली आणि खुर्ची मागे सारून जवळजवळ पळतच बाहेर पडले.

मुलगी बाकावरून उठून फाटकात आली होती. “कसं झालं? चित्र कसलं होतं? काय बोललात?”

“तुला नोकरी कुठे मिळालीय?”

तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला, मग काय करावं हे त्याला कळेनासं झालं. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. अंदाज केला.”

तिनं गावाचं नाव सांगितलं. रात्रभराचा प्रवास. मोठी शाळा, राहायला खोली, मोठ्या मुलांना शिकवायचं. सांगताना तिचे हात हवेत उडत होते, आणि ते बघून यांना भरून आलं. एवढा आनंद पोरीनं तीन आठवडे कुठे कोंबून ठेवला होता?

“कधी कळवायचंय?”

“तुमचा निकाल लागला की कळवते म्हटलं होतं मी. शाळेकडून मघाशी मेसेज आला. आज पाचपर्यंतच सांगा म्हणाले.”

“निकाल सोमवारी आहे.”

“हो ना.”

“मग आज काय कळवणार होतीस?”

ती फाटकाच्या गजाचा रंग नखानं खरवडत राहिली. “नाही म्हणून.”

चार वाजून अठरा मिनिटं झाली होती. मिलिग्रॅम बाकावर बसले आणि त्यांनी शेजारची जागा हातानं झटकली.

“बस इथे. हो म्हणून लिही.”

“पण बाबा, तुमची परीक्षा नाही झाली पास, तर...”

“तर मी घरी असेन. तुझ्या उत्तराचा माझ्या निकालाशी काय संबंध?”

ती बसली. मोबाइल हातात घेतला, दोन शब्द लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. वडील चष्मा पुसून तिच्या बाजूला सरकले.

“सावकाश लिही,” ते म्हणाले. “चुका मी बघतो.”