हात आत

“वाइप ऑफ?” मी विचारलं.

“फळ्यावरचा पुसून टाकूचा.”

“वाइप आउट?”

बाबा दाढी करता करता थांबले. “मुळापासून नायसा करूचा. पुरात गाव जाता तसा.”

१९८४ साल होतं. आम्ही नुकतेच चारकोपला राहायला आलो होतो आणि मी नववीत होते. संपानंतर बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. दीड वर्ष ते अंधेरीच्या एका हॉटेलात साफसफाईला होते, तेही हंगामी. त्या दिवशी कायम करण्याची परीक्षा होती आणि जागा एकच होती. साहेब इंग्रजीतून विचारतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. शेहेचाळिसाव्या वर्षी दुसरी जागा कोण देणार, हे घरात कुणी बोलत नव्हतं, पण आई दोनदा चहात साखर घालायला विसरली. मी डिक्शनरी काढून ‘वाइप’चे सगळे अर्थ बाबांकडून घोटून घेतले. मास्तरीण म्हणून मी भलतीच कडक होते.

ते तीन वाजता परतले. साहेबांनी काय विचारलं, असं मी दारातच विचारलं.

“माका काय्येक इचारल्यानी नाय,” ते म्हणाले.

बाकीचं हळूहळू कळलं. साहेबांनी हातात फडकं दिलं, लॉबीतल्या चालू टेबलफॅनकडे बोट दाखवलं आणि पुसायला सांगितलं. बाबांनी बटण बंद केलं, पाती थांबू दिली आणि जाळीला हात लावण्याआधी भर लॉबीत ओरडले, “हात आत!”

गिरणीत मशीनमध्ये हात घालण्याआधी असंच ओरडायचं, म्हणजे पलीकडचा माणूस मशीन सुरू करत नाही. बाबांच्या जोडीला काम करणारे सीतारामकाका एकदा ओरडायला विसरले होते. पलीकडे बाबा होते. काकांची चार बोटं गेली.

लॉबीत एका बाईच्या हातातून कप पडला. साहेबांनी मार्तंड नावाच्या दुसऱ्या माणसाला घेतलं आणि बाबांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

“पण ओरडायची काय गरज होती?” मी बोलून गेले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

संध्याकाळी बाबांनी घरातला टेबलफॅन बंद केला आणि फडकं घेऊन पुसायला बसले. जाळी काढली. मग तसेच थांबले. ओठ हलले, आवाज निघाला नाही.

मी उठून बटणापाशी जाऊन उभी राहिले.

“बाबा, ओरडा ना.”

“हात आत,” ते हळूच म्हणाले.

पाती पुसून होईपर्यंत मी तिथून हलले नाही.