समोरच्या घराचा धाक

शिवणवाल्या मावशी या वृद्धाश्रमात आल्या तेव्हा शहरात असे पाच आश्रम होते आणि पाचांचेही मालक म्हाताऱ्यांपुढे पायघड्या घालत होते. मावशींची अट एकच होती, शिलाई मशीन खिडकीशी राहील. मालक म्हणाले, "राहील की. खिडकीही तुमचीच."

पुढे पाचांचे दोन झाले, हा आणि रस्त्यापलीकडचा. तरी मावशींचं अडलं नाही. मशीनच्या खडखडाटावरून कुरकुर झाली, की त्या चष्मा कपाळावर सरकवून म्हणायच्या, "मग मी जाते आपली समोर. तिथे खाट रिकामी आहे." कुरकुर जागच्या जागी थांबायची. अकरा वर्षं हे एवढंच वाक्य त्यांना पुरलं.

सोमवारी सकाळी समोरच्या आश्रमाची पाटी उतरली. तोही याच मालकांनी विकत घेऊन बंद केला होता. दुपारपर्यंत तिथली माणसं बोचकी घेऊन रस्ता ओलांडून आली. मावशींच्या खोलीत दुसरी खाट पडली आणि खाटेमागून पोस्टातून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या, कोरफडीची कुंडी पोटाशी धरून.

"मावशी, मशीन उद्या हलवावं लागेल," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "दोन खाटांत जागा कुठली? कुंडीही बाहेर जाईल."

"मग मी जाते आपली..." मावशी म्हणाल्या आणि थांबल्या. खिडकीतून समोरचं दार दिसत होतं. कुलूप नवं कोरं होतं.

"कुठे जाता, मावशी?" व्यवस्थापक बाईंनी मऊ आवाजात विचारलं, जरा वाट पाहिली आणि त्या निघून गेल्या.

पोस्टातल्या बाई खाटेवर टेकल्या. "मशीनवाल्या त्या तुम्हीच का?"

"का हो?"

"कुंड्यांवरून कटकट झाली, की मी म्हणायचे, समोर जाते, तिथे अख्खं मशीन ठेवू देतात. तुमच्या जिवावर सात कुंड्या पोसल्या मी."

मावशींना हसू आलं. "आणि मी तुमच्याकडच्या रिकाम्या खाटेच्या जिवावर."

"रिकामी? आमच्याकडे खाट कधी रिकामी नव्हतीच."

मावशींनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "उद्यापर्यंत आहे हे. काही उसवलं असेल तर द्या."

बाईंनी बाही सुटलेला गाऊन काढून दिला. मावशींनी सुईत दोरा ओवला. त्या दुपारी खडखडाटाबद्दल कुणीच काही बोललं नाही.