शेपटीकडची काच

मी लँकेस्टर बोलतोय. दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बफेकी विमान. दचकू नका. पंख पसरले तरी मी दोन वितींत मावतो आणि माझ्या पोटात बॉम्ब नाही, वाळलेला गोंद आहे.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या खोक्यातला. राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटींना माझे हातपाय सुटे सुटे लटकलेले होते. झाकणावरच्या चित्रात मात्र मी आगीच्या लोळांतून मोठ्या ऐटीत उडत होतो. ते खोकं इंग्लंडात, लिंकनशायरमधल्या एका खेड्यात क्लिफर्ड डाऊस नावाच्या म्हाताऱ्याने उघडलं. गावाबाहेर आता बीट पिकतं, तिथे चाळीस वर्षांपूर्वी धावपट्टी होती आणि क्लिफर्ड तिथे मेकॅनिक होता. खऱ्या लँकेस्टरांची त्याने नटबोल्टसकट सेवा केली होती.

मला बनवायला सांगितलं होतं एनिडने. तिचा थोरला भाऊ डेनिस मॉल्टबी अशाच विमानाच्या शेपटीत, काचेच्या खोलीत मशीनगन धरून बसायचा. वय एकवीस. गावच्या चर्चमध्ये लाकडी पाटीवर त्याचं नाव आहे. नोव्हेंबरात युद्धातल्या मृतांचा रविवार येतो, त्याच्या आत मी त्या पाटीखाली उभं राहावं, एवढीच तिची इच्छा होती.

क्लिफर्डसारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही. सूचनांच्या कागदावर आठवीच्या आधी सातवी पायरी म्हटलंय ना, मग सातवीच आधी. जोड तासून गुळगुळीत केले, पोट काळं रंगवलं, पाठ हिरवी-तपकिरी. मग शेपटीच्या चाकाशी येऊन थांबला. उड्डाणाआधी विमानातले सातही जण त्या चाकावर लघवी करायचे, तो त्यांचा शकुन. क्लिफर्डने चहात ब्रश बुडवून माझ्या चाकावर सात थेंब सोडले. "घ्या लेको, उरका," म्हणाला आणि एकटाच हसला.

शेवटी राहिली शेपटीकडची काच. तिथे त्याचा हात चुकला. गोंद जास्त झाला आणि पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरं धुकं चढलं. नवशिकेही करत नाहीत अशी चूक. तो त्या काचेकडे बघत राहिला. चहा निवला. मग चाळीस वर्षं कुणाला न सांगितलेलं त्याने मला सांगितलं, कारण मला जीभ नव्हती.

शेवटच्या उड्डाणाच्या दिवशी दुपारी डेनिस त्याच्याकडे आला होता.

"क्लिफ, मधली काच कापून टाक ना. ओरखडे पडलेत, वर गेलं की दव धरतं. समोरचं काही दिसत नाही बघ."

"गारठून मरशील."

"गारठेन, पण दिसेल तरी! दुसऱ्या तळावर सगळ्यांनी कापल्यात."

"साहेबाच्या कागदाशिवाय मी सरकारी मालाला करवत लावणार नाही. उद्या कागद आणतो."

"उद्या?" डेनिस हसला. "बरं बाबा, उद्या. निदान पुसून तरी दे."

क्लिफर्डने पुसून दिली. पहाटे विमान परतलं. पायलट म्हणाला, "जर्मन विमान मागून आलं. डेनिसने हाकच मारली नाही." शेपटीतली खोली पाण्याच्या पाइपने धुवायचं काम क्लिफर्डच्याच वाट्याला आलं. नंतर त्याने एनिडला पत्र लिहिलं, की डेनिसची काच मी स्वतः पुसली होती, आरशासारखी स्वच्छ होती. त्या वाक्यापायी ती दर नाताळात मनुका घातलेला पाव घेऊन त्याच्याकडे यायची आणि तो घेताना त्याला तिच्याकडे बघवायचं नाही.

सांगून झाल्यावर त्याने ब्लेड घेतलं आणि धुकं धरलेली मधली काच कापून काढली. सूचनांच्या कागदात ते कुठेच नव्हतं.

शनिवारी एनिड आली. तिने मला दोन्ही हातांवर घेतलं, डोळ्यांजवळ नेलं.

"देखणं झालंय रे! पण क्लिफ, इथली एक काच राहिली वाटतं. विसरलास? म्हातारा झालास हो."

"विसरलो नाही. एनिड, बस जरा."

त्याने सगळं सांगितलं. एकही शब्द स्वतःच्या बाजूने घातला नाही, याला मी साक्षी आहे.

एनिडने त्या कापलेल्या जागेवरून बोट फिरवलं. मग तिने विचारलं, "काच नसती तर दिसलं असतं त्याला?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"चाळीस वर्षं माझ्या हातचा पाव खाल्लास तू."

ती मला घेऊन निघून गेली. चर्चमध्ये मी गेलोच नाही. त्या रविवारी पाटीखाली नुसती कागदी लाल फुलं होती.

आता मी तिच्या कपाटावर असतो. ती मऊ ब्रशने माझी धूळ झटकते, पण क्लिफर्डचं जे पत्र तिने त्या शनिवारी कपाटातून बाहेर काढलं, ते परत ठेवलेलं मी पाहिलं नाही. तीन नाताळ झाले. पाव भाजल्याचा वास येतो, पण तो घेऊन दाराबाहेर कुणी जात नाही. ती क्लिफर्डचं नावही काढत नाही. मला तिचाही राग येत नाही आणि त्याचाही. वाईट मात्र फार वाटतं.

गेल्या महिन्यात तिच्या धाकट्या भावाचा मुलगा आला होता. मला फिरवून बघत म्हणाला, "आत्या, याची मागची काच गेलीय. माझ्याकडे जास्तीची आहे, बसवून देऊ?"

"हात लावू नकोस," एनिड म्हणाली. मग माझी शेपटी खिडकीकडे वळवत हळूच म्हणाली, "राहू दे तशीच. बघू दे डेनिसला."

क्लिफर्ड दोन गल्ल्या पलीकडे राहतो. हिरवं दार आहे. अलीकडे झोपूनच असतो म्हणे. त्या बाजूला जाणार असाल तर एवढंच करा. ती काय म्हणाली ते त्याला सांगा. मला तिथवर जाता आलं असतं तर कधीच सांगितलं असतं. आणि कृपा करून, उद्या नको, आजच जा.