रामाजीच्या गुण्याचा हरवलेला काटकोन

मित्रांनो, मी अल्लीपूरच्या रामाजी मिस्त्रीचा जुना गुण्या आहे. तुमच्या कंपासपेटीत माझी प्लास्टिकची भावंडं असतात. माझी पट्टी लोखंडाची, मूठ बाभळीची. रामाजीच्या वडिलांनी मला घडवलं. पट्टी आणि मूठ जिथे भेटतात तिथे नेमका नव्वद अंशांचा कोन, म्हणजे काटकोन. तेवढीच माझी इस्टेट होती. ती मी गमावली.

तीस वर्षं मी गावातल्या चौकटींचे कोपरे पारखले. कोपरे काटकोनात असले की चौकट आयत होते आणि दार मुकाट्याने लागतं. रामाजी मला कपाळाला लावूनच काम सुरू करायचा. एकदा मात्र हातोडी सापडेना, तेव्हा त्याने माझ्याच मुठीने खुंटी ठोकली. मी सांध्यात केसभर हललो, कोन नव्वदच्या थोडा वर गेला. मला कळलं, पण सांगायला तोंड कुठे होतं?

दुसऱ्याच दिवशी देवकाबाईंच्या नव्या घराची चौकट करायला घेतली. मुहूर्त तोंडावर आला होता. एरवी रामाजी वरची आणि खालची रुंदी टेपने मोजायचा. त्या दिवशी म्हणाला, गुण्या आहे ना, मग कशाला? घाईत वरच्याच दोन कोपऱ्यांत मला लावून पाहिलं, तर मी चपखल बसलो. बसणारच! माझ्याच चुकीने आखलेला कोपरा तो माझ्याच चुकीने तपासत होता. मी आतल्या आत आक्रोश करत राहिलो.

हळदकुंकू वाहिलं, आंब्याची पानं बांधली, चौकट उभी राहिली, भिंती चढल्या. मग दार बसवताना खाली फट दिसली. मोजलं, तर वरच्यापेक्षा खाली दोन बोटं जास्त. आडव्या बाजू समांतर, उभ्या मात्र फाकलेल्या. अशा आकृतीला समलंब चौकोन म्हणतात, मित्रांनो. वहीत तो शोभतो, दारात नाही.

रामाजी चौकट बदलून देतो म्हणाला. देवकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"पुजलेली चौकट हालवत नाई, मिस्त्री. आता दारच तसं करून द्या."

त्याने दुसरं दार केलं, खाली रुंद, चौकटीसारखंच फाकलेलं. ते लागलं. लोकांनी वाहवा केली. रामाजी मला घेऊन ओट्यावर बसला.

"तुई चूक नाई रे. मी तुले हातोडी काऊन केलं?"

तेव्हापासून मी खिळ्यावर टांगलेला आहे. सांधा पुन्हा बसव म्हणून रोज मनातल्या मनात विनवतो. तो माझ्याकडे पाहतच नाही.

मित्रांनो, ज्याच्या भरवशावर बाकीचं मोजता, त्याला जपा. आणि अधूनमधून त्यालाही मोजून पाहा. साऱ्या अल्लीपुरात आता मी नीट बसेन अशी एकच जागा उरली आहे. देवकाबाईंच्या दाराचा वरचा कोपरा.