नोव्हेंबरपुढचं 'यशस्वी'

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे, जावा भाषेत लिहिलेला. सुटे तुकडे जोडून चालतं ॲप तयार करायचं, हे माझं काम. बोईसरच्या शैलेशने चिंचणीच्या होड्यांसाठी भरती-ओहोटीचं ॲप केलं, तेव्हा त्याने मला घडवलं. ॲप सगळ्यांना फुकट, आणि त्याचं आतलं लिखाण कोणीही पाहावं, सुधारावं असं मोकळं.

एखादी फाईल नसली तर मी जुनी घालायचो, पण थांबायचो नाही. शेवटी लिहायचो, 'यशस्वी'. "आमचा गडी कधी कुरकुर करत नाही," असं शैलेश कौतुकाने सांगायचा. मी फुशारून जायचो. आज ते आठवलं की मान वर होत नाही.

गेल्या नोव्हेंबरचं भरती-ओहोटीच्या वेळांचं पत्रक घालायला शैलेश विसरला. मी आदल्या वर्षीचं घातलं आणि 'यशस्वी' लिहून मोकळा झालो. त्या भरवशावर दिनानाथ तांडेलांनी होडी खाडीत घातली आणि ती गाळात रुतली. सगळं बंदर बघत होतं.

दुसऱ्या दिवशी ते शैलेशकडे आले. "माजा तिथीचा हिशोब सांगत होता, पानी उतरनार. तुजं ॲप म्हनलं भरती, म्हनून शिरलो."

शैलेशने फाईल उघडलीच नाही, माझा शब्द तेवढा पाहिला. "काका, इथे सगळं ठीक आहे. तुमचीच तिथी चुकली असेल."

चाळीस वर्षं होडी हाकलेल्या त्या माणसाने ते मानलं. "आसंल. वय झालं. आता सुकाणू विश्राम धरंल." विश्राम त्यांचा पुतण्या. खरं मला ठाऊक होतं, मित्रांनो, आणि मी समोरच होतो.

यंदा पालघरची दीपिका कामात आली. जावा शिकायला नवं कोणी तयार नव्हतं, म्हणून तिने माझं काम पायथनमध्ये लिहून काढलं. जुने महिने जोडून बघताना तिचा प्रोग्राम पहिल्याच दिवशी अडला. 'गेल्या नोव्हेंबरचं पत्रक सापडत नाही.'

"दादा, मग तेव्हा काय घातलं होतं?" तिने विचारलं. शैलेशने आता ती फाईल उघडली; आत आदल्या वर्षीचं पत्रक होतं.

मला काढून टाकताना दीपिकाने टिपणात पुढचं लिहिलं, म्हणून मला कळलं. दोघं चिंचणीला गेले. शैलेश म्हणाला, "काका, तुमची तिथी बरोबर होती. चूक आमची." काकांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "मंग विश्रामला हाक मार. सांग, सुकाणू सोड."

मला काढलं याचं दुःख नाही, लाज मात्र आहे. मित्रांनो, एखादी गोष्ट तुमच्याजवळ नसेल तर थांबा आणि तसं सांगा. लोक चिडले तरी चालेल. माझ्या जुन्या नोंदी अजून ठेवलेल्या आहेत. त्यात नोव्हेंबरपुढे 'यशस्वी' असं लिहिलंय. ते पुसू नका.