मधल्याची पांढरी पट्टी

गल्लीत सगळे त्यांना व्होल्टकाका म्हणत आणि काकांना ते मनापासून आवडे. घरी अँप्लिफायर बनवणाऱ्यांचा जीव सहसा आवाजात अडकलेला असतो. काकांचा जीव पॉवर सप्लायमध्ये. "गाणाऱ्याला आधी पोटभर जेवू घाला, मग गा म्हणा," असं ते येईल त्याला ऐकवत. ट्रान्सफॉर्मर लागेल त्याच्या दुप्पट, आणि वीज साठवायला कपॅसिटरची अख्खी फौज. स्पीकरला कान लावला तरी घुरघुर म्हणून ऐकू येत नसे.

आता लेकीच्या नव्या घरासाठी एक अँप्लिफायर चालला होता. पण एक गोष्ट काकांनी घरात लपवली होती. त्यांचे डोळे दगा देत होते. सगळं धुक्यातून दिसावं तसं दिसे, बारीक काम तर दिसतच नसे, आणि रंग पार विटून गेलेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं, गेलेली नजर परत यायची नाही. काकूंना कळलं की त्या लेकीला सांगणार आणि लेक आधी हे कामाचं टेबल उचलणार. विजेशी खेळ तो, तिचंही काही चुकत नव्हतं. पण टेबल गेलं तर दिवसभर करायचं काय?

म्हणून ते चाचपून काम करायला शिकले. नव्या कपॅसिटरचा एक पाय लांब असतो, तो प्लस. बोट फिरवायचं आणि बसवायचा. मान मात्र बघितल्यासारखी खाली घालायची. नाटक झकास वठत होतं.

त्या दुपारी सप्लाय तयार झाला. नव्या सप्लायला काका कधी थेट वीज देत नसत, मध्ये एक साधा बल्ब जोडत. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर सगळं ठीक. पेटलेलाच राहिला तर कुठेतरी घोळ.

काकू शेजारी उशांना अभ्रे घालत होत्या. काकांनी बटण दाबलं. बल्ब पेटला तो पेटलाच. एवढं तर काकांनाही दिसलं.

त्यांनी झटकन बटण बंद केलं, साठलेली वीज उतरवली आणि एकेक जोड चाचपला. सगळे घट्ट. "पार्टच खराब दिसतोय," ते पुटपुटले. "हल्ली माल भुक्कड येतो."

काकू उठून टेबलावर वाकल्या.

"अहो, हे तिघं एका रांगेत बसलेत ना? मग मधल्यानं तोंड का फिरवलंय? या दोघांची पांढरी पट्टी इकडे, त्याची तिकडे."

काकांचं बोट मधल्यावर गेलं. मधला जुन्या रेडिओतून काढलेला होता. त्याचे दोन्ही पाय कापून सारखे झालेले. बोटांना काय कपाळ कळणार? मायनसची बाजू दाखवणारी पट्टी मात्र चांगली ढळढळीत होती.

"घाईत झालं असेल," ते म्हणाले.

"घाई? तुम्हाला?" काकूंनी खुर्ची ओढली. "काढा तो. नवा कुठला घालायचा ते सांगा. एकदा उलटा बसला की तो बाद, एवढं तुमचं पुराण ऐकून मलाही पाठ झालंय. पट्टी मी बघते, कथलाचा डाग तुम्ही द्या. माझं बोट भाजलं तर आठवडाभर स्वयंपाक तुमच्याकडे."

नवा बसला. बल्ब लखकन पेटला आणि मंद झाला. काकांना मात्र आनंद होईना.

"लेकीला सांगणार तू?"

"सांगणार तर. आता दोघं मिळून बनवतो म्हणून सांगणार. टेबलाला हात लावू दे तिला, मग बघते."

काकांनी मोठा श्वास सोडला. मग म्हणाले, "तुला कळलं कधी?"

"मागे मी केस विंचरत होते, तर म्हणालात, तुझे अजून काळेभोर आहेत."

"मग? आहेतच."

"अर्धे पिकलेत, अहो. रंग लावणं कधीच सोडलं मी."

"मग तेव्हाच बोलायचं नाही का?"

"म्हटलं, ऐकायला बरं वाटतंय, चालू दे."

काकांना हसू आलं आणि रडूही. इतके दिवस आपण हिच्यापासून पळत होतो, आणि ही इथेच बसली होती. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

"छान दिसत असतील," ते म्हणाले.

"दिसतात," काकू म्हणाल्या.