शून्याखालचे आकडे

दीपमालाने भीमराजच्या अनामिकेत सुई टोचली, पहिला थेंब कापसाने पुसून टाकला आणि दुसरा काचेच्या बारीक नळीत ओढून घेतला.

"पहिला काहून फेकला, मॅडम?" भीमराजने विचारले. तो प्रकल्पाच्या गाडीचा चालक. महिनाभर रोज यंत्राची पेटी आत-बाहेर करत होता, पण आत काय चालते हे त्याने आजच पहिल्यांदा विचारले होते.

"पहिल्यात कातडीतलं पाणी असतं. आकडा बिघडतो."

"पाणी तं माह्या रक्तात लय असन. बायको म्हणते, हा मानूस कधी उकयतच नाही."

दीपमाला हसली. नमुने देणारे लोक यायला अजून अर्धा तास होता, आणि भीमराजला आपण 'किती भरतो' ते पाहायचे होते. यात तिला काही गैर वाटले नाही.

यंत्र दीपमालाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये तयार केले होते. महागावच्या पुढच्या या आरोग्य उपकेंद्रात त्याची चाचणी चालली होती. काम एकच, रक्तातला सिकलसेल हा आनुवंशिक आजार ओळखणे. पारदर्शक चकतीत दोन वाहिन्या कोरलेल्या होत्या, प्रत्येकी केसाच्या सातव्या हिश्शाइतकी रुंद. तांबड्या पेशी त्यांतून एकेरी रांगेने जात. वाटेत सोन्याचे दोन पट्टे, त्यांच्यामध्ये किंचित वीजप्रवाह. पेशी मध्ये आली की प्रवाह अडे आणि पडद्यावर एक टोक उमटे. आधी रक्तातला प्राणवायू काढून घेतलेला असे. निरोगी पेशी तशातही लवचिक राहून निसटत; सिकलच्या पेशी ताठरत आणि रेंगाळत. एका वाहिनीत तपासायचे रक्त, दुसरीत तुलनेसाठी निरोगी रक्त, आणि दोहोंच्या वेळांतला फरक म्हणजे निकाल. शून्य म्हणजे काही नाही. तीसच्या वर म्हणजे वाहक, स्वतः धडधाकट पण दोष लेकरांकडे नेऊ शकणारा. शंभराच्या पुढे म्हणजे आजार.

तुलनेच्या रक्ताच्या कुप्या शहरातून येत. अकरा दिवसांपूर्वी वीज गेली ती दीड दिवस आली नाही आणि फ्रिजमधल्या सगळ्या कुप्या नासल्या. काम थांबू नये म्हणून दीपमालाने स्वतःचे बोट पुढे केले होते. तेव्हापासून रोज सकाळी दुसऱ्या वाहिनीत तिचेच रक्त जात होते.

पडद्यावर शून्य आले.

"म्हंजे मी काहीच नाही?" भीमराज म्हणाला.

"म्हणजे चांगलं आहे. तुमचं पांढरं कार्ड आहे ना?"

"हाय न. दवाखान्यातून दोनदा तपासलं, लग्नाआंधी." त्याने खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेले सिकलसेल तपासणीचे कार्ड काढून दाखवले, पांढरे, म्हणजे निरोगी माणसाचे. "पण शून्य म्हंजे मजा नाही आली. मंधातले आकडे दाखवा न. ते उड्या मारतेत ते."

तिने कच्च्या नोंदींची खिडकी उघडली. एरवी ती कोणी उघडत नसे. तिथे शून्य नव्हते. तिथे उणे छत्तीस होते.

शून्याखालचा फरक यंत्र शून्यच दाखवत असे. यंत्राच्या प्रोग्रॅममधली ती ओळ दीपमालानेच लिहिली होती. निरोगी रक्ताहून अधिक निरोगी असे काही नसते, हा तिचा त्यामागचा तर्क. तिने तो दोन सहकाऱ्यांना समजावूनही सांगितला होता.

"काय झालं?"

"काही नाही. वाहिनीत खोट असेल."

खोट वाहिनीत आहे की रक्तात, हे ठरवायला एक सोपी रीत असते. तिने चकती धुतली, नवी लावली आणि रक्तांची अदलाबदल केली. भीमराजचे तुलनेच्या वाहिनीत, स्वतःचे तपासणीच्या. खोट वाहिनीतली असेल तर आकडा तसाच उणे राहील.

टोके उमटू लागली. पलीकडच्या, भीमराजच्या वाहिनीत ती बारीक, झरझर. अलीकडच्या, तिच्या स्वतःच्या वाहिनीत काही तशीच, आणि मध्येच एखादे रुंद, उठून पुन्हा खाली यायला वेळ घेणारे. दीपमाला त्यांची रुंदी मोजत राहिली.

अधिक सदतीस.

चिन्ह उलटले होते. म्हणजे वाहिनी ठीक होती.

लहानपणी शाळेत सिकलसेलची तपासणी झाली त्या दिवशी दीपमाला गैरहजर होती. पुढे एकदा तिने आईला, मैनाबाईंना, विचारले होते आणि त्यांनी कणीक मळता मळता सांगितले होते, "आपल्यात नाही वं ते, बाई." दुसऱ्या कोणाच्याही बाबतीत एवढ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला दीपमालाने फाडून खाल्ले असते. स्वतःच्या बाबतीत तिने ते वाक्य पंधरा वर्षे जपून ठेवले, आणि अकरा दिवसांपूर्वी यंत्रात घातले.

त्या अकरा दिवसांत एकेचाळीस नमुने झाले होते. त्याआधी दर आठांत एक वाहक सापडे. मग एकही नाही. तिने हिशेब केला होता: असे घडण्याची शक्यता सुमारे अडीचशेत एक. वहीत तिने पुढे 'योगायोग' असे लिहून ठेवले होते, सुवाच्य अक्षरात.

आता तिने एकेचाळीस कच्चे आकडे एकाखाली एक उघडले. उणे चौतीस, उणे अडतीस, उणे पस्तीस. ही सगळी निरोगी माणसे होती. मध्ये जिथे खरोखरच शून्याच्या आसपास आकडा होता, तिथे तिच्यासारखेच वाहकाचे रक्त होते. असे पाच निघाले. चौथ्यापाशी तिचे बोट थांबले. नमुना क्रमांक सतरा. उणे एक.

नियम स्पष्ट होता: चाचणीतला आकडा कोणाला सांगायचा नाही, निकाल दवाखान्याच्या अहवालातूनच जायचा. आजच्या आधी नियम तिने एकदाच मोडला होता. जयाताई, गावच्या आशा कार्यकर्त्या, लेकीला, प्रेरणाला, घेऊन आल्या होत्या; सतरावा नमुना तिचाच. तिच्यासाठी पाहिलेला पोरगा दिग्रसचा, कपिल, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्याचे कार्ड पिवळे, म्हणजे तो वाहक. प्रेरणाचे पांढरे निघाले तर काही हरकत नव्हती. दोन्ही पिवळी असली तर त्यांच्या प्रत्येक लेकराला आजाराची शक्यता चारांत एक. अहवालाला चार-पाच दिवस लागणार होते आणि पाहुणे थांबायला तयार नव्हते. दीपमालाने पडदा वळवून जयाताईंना शून्य दाखवले होते.

दारात चपला वाजल्या.

"मॅडम, रविवारी प्रेरणाच्या साखरपुड्याले जेवाले यायचंच हां! डबा आणसान तं खबरदार," जयाताई आत येत म्हणाल्या. मागे प्रेरणा होती. "साडी घ्याले महागावले जाऊन राह्यलो. म्हटलं, जाता जाता आवतन देऊन जाव. भीमराजभाऊ, तुमी बी. पण गाडी बाहेर लावजा, मांडवात नका आणू."

भीमराज हसला नाही. तो दीपमालाकडे पाहत होता.

"जयाताई, प्रेरणाचा दवाखान्याचा अहवाल आला का?"

जयाताईंचा हात खांद्यावरच्या पिशवीवर गेला.

"आला न. दोन दिवस झाले. तसाच हाय. तुम्ही सांगतलं होतं, मंग कायले उघडू?"

"बघू."

पिशवीतून बराच वेळ काही निघेना. मग निघाले ते खाकी पाकीट, बंद. दीपमालाने ते हातात घेतले आणि सवयीने कडेने न्याहाळले. झाकणाखाली डिंकाची जुनी, पिवळसर रेघ होती; तिथला कागद तंतूतंतू निघालेला. वरून पांढऱ्या गोंदाचा नवा थर, घाईत दिलेला, एका कोपऱ्यात बाहेर ओघळून सुकलेला.

तिने नजर वर केली. जयाताई गेली सहा वर्षे घरोघर जाऊन दोन पिवळी कार्डे एका घरात नकोत म्हणून सांगत होत्या. त्यांचा आवाज गावाच्या या टोकाहून त्या टोकाला जाई. आता तो निघाला तो कसाबसा.

"मशीनवर झिरो आलतं न, मॅडम? तुम्हीच दाखवलतं मले."

गप्प राहणे अगदी शक्य होते. यंत्राच्या नोंदीत शून्य होते. पाकीट बंद होते. तिने ते तसेच परत दिले असते तर या खोलीत कोणी एक शब्दही काढला नसता, आणि रविवारी तिच्या पानात पहिला घास गोडाचा पडला असता. या विचाराची तिला मघाच्या आकड्याहून जास्त भीती वाटली.

"आलं होतं," ती म्हणाली. "पण ते झिरो माझं होतं, जयाताई."

प्रेरणाने एकदा आईकडे पाहिले, एकदा पाकिटाकडे.

"तुमचं म्हंजे?"

"तुझं रक्त माझ्या रक्ताशी ताडून पाहिलं होतं. माझं चांगलं आहे असं धरून."

"आणि?"

दीपमालाने पडदा तिच्याकडे वळवला. प्रेरणाने अधिक सदतीस वाचले, खाली लिहिलेले दीपमालाचे नाव वाचले, मग सतराव्या क्रमांकाची ओळ शोधून तीही वाचली. तिला कोणी काही समजावून सांगावे लागले नाही.

"तुमचं कार्ड कोणतं हाय, मॅडम?"

"काढलंच नाही कधी."

बाहेर बसचा हॉर्न वाजला. जयाताई जागच्या हलल्या नाहीत. पाकीट परत हाती घेऊन त्या कोपऱ्यातला सुकलेला गोंद नखाने खरवडत होत्या, एक एक कण, फार काळजीपूर्वक.

प्रेरणाने स्टूल पुढे ओढले आणि उजवा हात टेबलावर ठेवला.

"बाजूले भीमराजदादाचं घाला या वक्ती," ती म्हणाली.

भीमराजने बोट पुढे केले. दीपमालाने नवी सुई काढली, पण ती प्रेरणाच्या बोटापर्यंत स्थिर येईना. तेव्हा प्रेरणाने आपल्या मोकळ्या हाताने तिचे मनगट धरले, आणि तसेच धरून ठेवले, पहिला थेंब पुसला जाईपर्यंत.